कपडे बदलायच्या खोलीत ठरलेलं

आमच्या सर्जरीच्या युनिटमध्ये सुरी कुणाच्या हातात द्यायची हे सर विजार बदलताना ठरवतात. पुरुषांच्या खोलीत. मी कपडे बदलते नर्सेसच्या खोलीत, बादल्यांशेजारी. त्यामुळे मला जे कळतं ते हात धुवायच्या नळापाशी, तेही शिळं होऊन.

आज पोटातल्या गाठीचं ऑपरेशन माझं होतं. सरांनी तसा शब्द दिला होता. एक तरी मोठं ऑपरेशन स्वतःच्या हातानं केल्याशिवाय कॅन्सर सर्जरीच्या जागेसाठी मला कुणी दारातही उभं करणार नव्हतं, आणि इथली माझी मुदत संपत आली होती. नळापाशी गेले तर माझा ज्युनिअर आधीच कोपरापर्यंत फेसात.

"मॅडम, आज मी करतोय. तुम्ही मदतीला, पोटाची चीर ओढून धरायला. सर आत्ताच म्हणाले, आत."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ पुरुषांच्या खोलीचं दार ढकललं. सर बनियनवर, एक पाय विजारीत.

"अगं ए! लाज आहे का काही?"

"तुम्ही इथंच ठरवता, म्हणून इथंच आले. ऑपरेशन माझं आहे."

"तुझं लग्न ठरलंय ना?" सरांनी नाडी आवळली. "उद्या पोराबाळांत अडकशील. मग मी काय हात चोळत बसू?"

"ज्युनिअरला तर दोन पोरं आहेत, सर. तो नाही अडकला कुठं!"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. सर लालबुंद झाले.

"फार जीभ चालते तुझी. जा, पेशंटलाच विचार. तो म्हणाला तर कर."

मी मनात तेव्हाच जिंकले. पेशंट काकांना वॉर्डात मीच सांभाळलं होतं. त्यांच्या रिपोर्टांमागे धावले, ते रडले तेव्हा समजूत घातली. ज्युनिअरचं तर त्यांनी तोंडही पाहिलं नव्हतं.

काका टेबलावर थरथरत पडले होते. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले, त्यांच्या शेजारी ज्युनिअर, ओले हात वर धरून.

"काका, ऑपरेशन मी करू की हे डॉक्टर?"

काकांनी त्या उंच, रुंद खांद्यांच्या ज्युनिअरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"ह्यांनाच करू दे, पोरी. तू फक्त माझ्याजवळ थांब. तू असलीस की भीती वाटत नाही."

सर मास्कआड हसले. त्यांचा राग आलाच नाही मला. आला तो काकांचा, इतका की त्यांच्याकडे बघवेना. मी नळापाशी परत गेले आणि कातडी सोलून निघेल इतके हात घासत राहिले.