सड्याचं वळण

मुळशीच्या धरणाकाठी माघातल्या सकाळी धुकं पाण्यावरच बसून राहतं. वर ऊन, खाली धुकं. अशा वेळी काठाने गाडी गेली तर तिचा आवाज रस्त्यावरून येत नाही, पाण्याखालून येतो. बुडालेल्या गावांच्या रस्त्यांवरून कोणी गाडी पळवतंय असं वाटतं. त्र्याऐंशी साली तो आवाज मी ऐकला, तो अजून कानातून गेलेला नाही.

पौडला माझं पाटे आणि पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या, जीपच्या स्प्रिंगांचे मोडलेले पाटे भट्टीत तापवून मी पुन्हा घडवायचो. त्या वर्षी आमच्या बाजूने मोटारींची रॅली जायची होती. पौडहून धरणाच्या काठाने ताम्हिणीपर्यंत, आणि तो सगळा रस्ता लाल मुरमाचा, कच्चा. महिनाभर आधी हैबतराव दुकानात आला. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात नव्या जीपगाड्या चालवून तपासायचं त्याचं काम. कारखान्याने आपली एक जीप रॅलीत उतरवली होती आणि चालवायला त्यालाच बसवलं होतं.

"अलाउद्दीनभाई, आमच्याकडं एक गाडी, सहा टायर, एक टेम्पो आन् एक मिस्त्री हाय," तो म्हणाला. "पाटा मोडला तर तुमीच."

"आन् समोर कोण हाय?"

"मोठा कारखाना. तीन गाड्या, साठ टायर, चार टेम्पो. बिनतारी यंत्र हाय. सैपाकी बी हाय त्यांचा."

"मग तुमी जिंकणार कसं?"

"जिंकायचं कुणाला? पहिल्या तिघांत आलो तर पुढल्या वर्षी सायेब पैसे देणार. न्हाई तर रॅली बंद, आन् मी परत कारखान्याच्या आवारात गोल गोल."

हसतच बोलला. पण बोलताना माझ्या ऐरणीवर पडलेला पाटा त्याने दोनदा उचलून खाली ठेवला.

रस्ता पाठ करायला त्याला तीन फेऱ्यांपुरतं पेट्रोल मिळालं होतं. मोठ्या कारखान्याची माणसं पंधरा दिवस रोज फिरत होती. हैबतरावच्या तिन्ही फेऱ्यांना मी मागे बसून पाट्यांचा आवाज ऐकत गेलो. तिन्ही वेळा आम्ही काठावरच्या एका वाडीत सगुणाबाईच्या ओसरीवर थांबलो. विधवा बाई, चार खाचरं भाताची. ती आम्हाला आंबेमोहराचा भात आणि कुळथाचं पिठलं वाढायची.

"भाऊ, एवढं जोरात जाऊन कुटं पोचायचं असतंय?" तिने हैबतरावला विचारलं.

"परत हितंच, वैनी."

"मग आत्ताच बस की. पोचलास म्हणायचं."

ओसरीभर हशा झाला. शेवटच्या फेरीला मात्र तो लाल होऊन आला होता, भुवयांपर्यंत मुरूम. ती पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "काय रं ह्यो अवतार?"

"धुरळा, वैनी. मोठ्यांच्या गाड्या पुढं सुटणार, आमची मागनं. त्यांचा धुरळा खाली बसतच न्हाई. तुमच्या दारापुढच्या वळणावर तर डोळं मिटून जावं लागंल."

ती तांब्या घेऊन आत गेली.

ते वळण वाईट होतं. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला उतार, आणि उताराखाली धरण. मोठ्या कारखान्याची शर्यतीबाहेरची एक गाडी शर्यतीच्या आधी रस्ता बघत पुढे जायची आणि बिनतारीवरून मागे कळवायची. हैबतरावकडे तसली गाडी नव्हती. त्याच्याकडे मी होतो. मी वळणाशी लाल रुमाल घेऊन उभं राहायचं ठरलं. गुरं आली, दरड पडली, तर रुमाल दाखवायचा. "रुमाल दिसला की ॲक्सिलेटरवरचा पाय काढणार," तो म्हणाला. "का म्हणून इचारायचं न्हाई."

शेवटच्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी पौडला तोवरचा निकाल लागला तेव्हा हैबतराव तिसरा होता. चौथ्याच्या नऊ सेकंदांनी पुढे. राहिला होता काठाचा टप्पा. सहापैकी दोन टायर फाटले होते. उरलेल्या चारांवरून मी हात फिरवला, तर पाटीवरची अक्षरं पुसावीत तशा त्यांच्या खाचा पुसल्या होत्या.

सकाळी मी वाडीत पोचलो आणि थबकलो. वाडीतल्या सगळ्या बायका रस्त्यावर होत्या. हंडे, कळश्या, बादल्या. धरणातून पाणी आणून, त्यात शेण कालवून, सणाला अंगणात घालावा तसा त्यांनी अख्ख्या वळणावर सडा घातला होता. ऊन त्यावर चमकत होतं. सगुणाबाईचा पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत हिरवे.

"पहाटंपासनं करतुया," ती म्हणाली. "आता उडू दे धुरळा कुणाचा उडतुया त्यो. आमच्या भावाला लख्ख दिसंल."

मी वाकून हात फिरवला, तो साबणावरून जावा तसा सरकला. मुरमावर शेणपाणी, आणि तेही त्या वळणावर.

तेवढ्यात मोठ्या कारखान्याची पुढची गाडी आली. एक माणूस उतरला. बुटाने रस्ता चाचपला, घसरता घसरता सावरला, आणि यंत्रात बोलू लागला. मी समजलो. तिकडे पौडला त्यांच्या तिन्ही गाड्यांना आता खोल खाचांचे टायर चढणार. शिट्टी झाली, रस्ता बंद झाला. कोरडा मुरूम टाकायला मी घमेलं उचललं, तर शर्यतीच्या पंचाने मला काठावर ढकललं.

त्यांच्या गाड्या आल्या. चिखल उडवत, जमीन धरून, एकामागून एक गेल्या. धुरळा कणभर नव्हता. बायकांनी टाळ्या पिटल्या.

मग पाण्याखालून तो आवाज आला. हैबतरावचं इंजिन मी शंभरातून ओळखलं असतं. मी काठाकाठाने मागे पळालो, दोनशे पावलं, आणि थांबलो. रुमाल मुठीत होता. दाखवला तर तिसरा नंबर गेला. नाही दाखवला तर, कोण जाणे, निघूनही जाईल. खाली धुकं कापसासारखं पसरलं होतं, इतकं मऊ, की गाडी त्यात पडली तरी तरंगेल असं क्षणभर मला वाटलं. बुडालेल्या गावात सपाट रस्ते असतील, तिथे तो कितीही पळो, टायर झिजायचे नाहीत. किती वेळ मी असा उभा होतो देव जाणे.

जीप समोर आली तेव्हा माझा हात आपोआप वर गेला.

त्याने पाय काढला. तरीही जीप वळणावर आडवी झाली, मागचं चाक उताराच्या कडेवरून फिरलं, मुरूम खाली धुक्यात पडला. मग ती सरळ झाली आणि गेली.

हैबतराव चौथा आला. तिसरा नंबर सहा सेकंदांनी हुकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सगुणाबाईकडे गेलो. मला वाटलं, सड्याने काय घात केला ते आता तो बोलेल. ती दारातच उभी होती.

"भाऊ, दिसलं का रं नीट?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. हिरवा रंग नखांत अजून होता.

"वैनी, एवढं लख्ख मला कदीच दिसलं न्हाई," तो म्हणाला, आणि ओसरीवर बसला. "पोचलो बघा."

कारखान्याने पुढल्या वर्षी गाडी उतरवली नाही. हैबतराव आवारातच गोल फिरत निवृत्त झाला. पण दर माघात एकदा तो पौडला यायचा आणि आम्ही त्या वळणापर्यंत जायचो, अगदी हळू. सगुणाबाई जिवंत होती तोवर, त्या सकाळी वळणावर सडा असायचा.