ऑस्ट्रेलियातला सनी

सुभद्राबाईंनी गव्हाच्या कोठीत तळापर्यंत हात घालून सनीचा फोटो बाहेर काढला, पदराने काच पुसली आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. परदेशी गेलेल्या मुलाचा फोटो घरात नसला तर पाहुणे काय म्हणतील, असं त्यांच्या नवऱ्याने, भिमाजींनीच सकाळी म्हटलं होतं. फोटो कोठीत टाकणारेही तेच. "माझ्यापुरता मेला त्यो," म्हणाले होते तेव्हा.

परदेशाची थाप मात्र मोठ्या झोकात मारली होती. घोडनदीच्या पुलापलीकडून, नगर जिल्ह्यातून, ज्योतीराम नावाच्या गृहस्थांचा लेकीच्या, स्नेहलच्या स्थळाच्या चौकशीसाठी फोन आला. घरात कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. भिमाजी क्षणभर अडखळले, मग झोकात म्हणाले, "थोरला ऑस्ट्रेलियाला असतो." खरं तर सनी मित्रांच्या नादाने गावाच्या, कुरुळीच्या आसपासच्या गोठ्यांतून शेळ्या-बोकडं उचलून विकायचा. तीनदा सापडला आणि दोन वर्षांसाठी पुणे जिल्ह्यातून तडीपार झाला. गेला तसा त्याचा फोन बंद. कुठे असतो, काय खातो, आहे की नाही, सुभद्राबाईंना काही कळत नव्हतं.

ऑस्ट्रेलिया घरात आणलं ते स्नेहलने. पुण्याजवळ माणच्या आयटी कंपनीत तिला तिकडच्या लोकांचे पूर्वज शोधून द्यायचं काम होतं. मेंढरं चोरणाऱ्या गरीब खेडुतांना इंग्रज सरकार जहाजात कोंबून तिकडे हाकलायचं, असं ती एकदा जेवताना बोलून गेली, आणि भिमाजींचा घास हातातच राहिला. पुढे ऐन वेळी तोंडात तेच नाव आलं.

दुपारी पाहुणे आले. ज्योतीराम, त्यांची बायको कस्तुरा आणि मुलगा कुलदीप. चहा-शिरा झाला. ज्योतीरामांनी टोपी सारखी केली.

"कंपनीत काय काम असतंय गं पोरी?"

स्नेहलने बापाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. मेंढरं, जहाज, सात सात वर्षांची शिक्षा. भिमाजी दोनदा खाकरले, पण ज्योतीरामांना गोडी लागली होती.

"शिक्षा सरल्यावर माघारी यायची का ती?"

"थोडेच यायचे. परतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बहुतेक तिथेच राहिले. आता त्यांची पतवंडं पैसे देऊन त्यांची नावं शोधतात. चोर सापडला की खूश होतात."

"आन् त्यांच्या आयांना कसं कळायचं," कस्तुरा म्हणाली, "पोरगं हाय का गेलं?"

सुभद्राबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

ज्योतीराम उठून फोटोपाशी गेले.

"ह्यो थोरला?"

"व्हय," भिमाजी म्हणाले. "ऑस्ट्रेलियाला. लई मोठी कंपनी हाय. राहायला घर, यायला-जायला गाडी. सुट्टी तेवढी मिळत न्हाई." एकदा लावलेल्या खोट्याला फांद्या फुटतच असतात, आणि भिमाजी तर जातिवंत शेतकरी.

"फोटोत अंगानं भरलाय," ज्योतीराम शांतपणे म्हणाले. "आता वाळलाय जरा."

सुभद्राबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. लेकीचं स्थळ मोडलं, अब्रू गेली, हे त्यांना कळत होतं. पण त्याचं दुःख करायला त्यांचं मन जागेवरच नव्हतं. वाळलाय. म्हणजे आहे.

"आमच्याकडं शेळ्या राखतो," ज्योतीराम पुन्हा जागेवर येऊन बसले. "आला त्याच दिशी समदं सांगितलं त्यानं. काय केलं, कशापायी हाकललं. चोराच्या हाती शेळ्या दिल्या म्हणून गाव हसलं मला. पन आजवर एक करडू इकडचं तिकडं झालं न्हाई. तुमच्या पोरीचं नाव त्यानंच काढलं."

भिमाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"आमाला पोरगी पसंत हाय," ज्योतीराम म्हणाले. "पन मांडव आमच्या दारात घालायचा. नवरीच्या भावाबिगर आमच्या कुलदीपचा कान कोन पिळनार? आन् त्याला तर पुलाच्या ह्या अंगाला येता येत न्हाई."

भिमाजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. स्नेहल तोंडाला ओढणी लावून आत गेली.

पाहुणे निघाले. गाडीपाशी ज्योतीराम सुभद्राबाईंकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऑस्ट्रेलियाला काय धाडायचं असंल तर द्या, विहीणबाई. गाडीत जागा हाय."

त्या जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात आल्या. कढईतला शिरा डब्यात भरू लागल्या. निम्मा ओट्यावर सांडत होता. मागे चाहूल लागली. दारात भिमाजी उभे होते. सुभद्राबाईंनी डबा छातीशी धरला. आज मारलं तरी तो सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"शिरा कशाला?" भिमाजी भिंतीकडे बघत म्हणाले. "त्याला गोड कुठं आवडतंय. शेंगदाण्याची चटणी भर."