वीतभर अंतरावरून

चष्मेवाल्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेल्याशिवाय काम करता येत नाही. काडी कानामागे टोचते का, भिंगाचा मध्य बुबुळासमोर येतो का, सगळं वीतभर अंतरावरून बघायचं. आमच्या गल्लीतला चष्मेवाला वीस वर्षं तेच करत होता.

त्या दिवशी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई समोर बसल्या होत्या. माप घेताना त्या सारखी मान मागे नेत.

"बाई, हलू नका."

"श्वास तरी किती वेळ रोखून धरू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडाला वास येतो हो."

दुकानात आणखी तिघं होती. "तुमच्याच नाकात खोट असेल," तो फटकन बोलून गेला. बाई उठून चालत्या झाल्या.

घरी येऊन तो बायकोसमोर उभा राहिला. "माझ्या तोंडाला वास येतो?"

ती भाजी निवडत राहिली. "येतो."

"कधीपासून?"

"थोरलीच्या लग्नाआधीपासून. एकदा बोलले होते मी. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग नाही बोलले."

त्याला ते आठवतच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

दंतवैद्य त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिने दातांवर लाल औषध लावलं, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. हिरड्यांच्या कडेने सगळं लालभडक राहिलं होतं.

"हा जंतूंचा चिकट थर, काका. रोज निघाला नाही की त्याचं दगडासारखं कीटण होतं. इथे ब्रश फिरवत नाही का?"

"रक्त येतं म्हणून सोडून देतो."

"थर राहतो म्हणूनच रक्त येतं."

ती कीटण खरवडायला वाकली. तिने मास्क लावला होता, तरी तो अंग चोरून पडून राहिला. एक दाढ हलत होती. "खालचं हाड झिजलंय, ते काही परत भरून येत नाही," ती म्हणाली. दाढ काढावी लागली.

दोन महिन्यांनी तो बाईंच्या दारात गेला. उंबऱ्यापासून दोन पायऱ्या खालीच थांबला.

"त्या दिवशी तुमचं खरं होतं. मी उलट बोललो. चुकलं माझं."

बाईंच्या नाकावर दुसऱ्या दुकानातला नवा चष्मा होता, जरा तिरका. तो सरळ करायला त्याचा हात उचलला गेला, पण त्याने मागे घेतला.

"मीही चारचौघांत बोलायला नको होतं," बाई म्हणाल्या. "आत या, पाणी तरी घ्या."

"नको, दुकान उघडं टाकून आलोय," म्हणत तो उतरू लागला. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती.