नव्वदला पेटणारा बल्ब

माझं नाव ग्लेनिस. गाड्यांच्या वायरिंगचं काम हा माझा धंदा. सत्तावीस वर्षं ह्या वाळवंटाच्या कडेला बॉनेटमध्ये डोकं घालून काढली आहेत. म्हणूनच शहरातल्या कार्यालयाने नोएलीनला खोटारडी ठरवलं तेव्हा माझं पित्त खवळलं.

नोएलीन त्या कार्यालयाची, डायलिसिसच्या पेशंटांना आणणारी गाडी चालवते. आठवड्यातून तीनदा, वस्तीपासून आमच्या गावापर्यंत, एकशे साठ किलोमीटर कच्चा रस्ता. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मधेच एसीचा फ्यूज उडतो आणि मागे बसलेल्या इथेल आंटीसारख्या म्हाताऱ्या भाजून निघतात. तिने तीनदा तक्रार केली. तीनदा गाडी शहरात गेली आणि नवा फ्यूज घालून परत आली. कागदावर दर वेळी तेच: दोष आढळला नाही. मग कार्यालयाने कळवलं, की बाई उगाच फेऱ्या बुडवते. शुक्रवारी आमचा माणूस शेवटची तपासणी करेल, काही सापडलं नाही तर तिला कामावरून काढू.

तो माणूस म्हणजे ट्रेंट. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फॉर्म.

शुक्रवारी नोएलीनच्या गाडीतला फ्यूज काढून मी त्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला आणि एसीच्या कॉम्प्रेसरची वायर काढून ठेवली.

“हे काय?” ट्रेंटने विचारलं.

“साक्षीदार. एरवी विझलेला राहील. वायर कुठे उघडी पडून पत्र्याला टेकली, की भप्पकन पेटेल. तोवर एसी नाही. घाम पुसायला फडकं घे.”

तो चालवायला बसला, मी शेजारी, नोएलीन मागे. कच्च्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, हा कार्यालयाचा नियम. आमचा रस्ता म्हणजे अंथरलेला पन्हळी पत्रा. अर्धा तास आमचे दात वाजत होते, पण बल्ब काही पेटेना.

“बघितलंत? काही नाहीये,” ट्रेंट म्हणाला.

“अरे राजा,” नोएलीन मागून कडाडली, “ह्या रस्त्याने चाळीसने फक्त मयताची गाडी जाते. ऊठ तिथून!”

“पण नियम…”

“नियम ठेव तुझ्या टेबलावर. उठतोस, की मांडीवर येऊन बसू?”

तो उठला, नोएलीनने स्टिअरिंग हातात घेतलं. इकडे सगळे नव्वदने जातात. त्या वेगाला चाकं पन्हळींच्या माथ्यांवरून तरंगतात. बसलेल्याला रस्ता गुळगुळीत वाटतो, पण बॉनेटखाली सगळं बारीक थरथरत असतं. सत्तर झाले, ऐंशी झाले. नव्वदला काटा टेकला आणि बल्ब पेटला. विझला. पुन्हा पेटला.

“थांबव!” मी ओरडले.

इंजिन चालूच ठेवून मी बॉनेट उघडलं आणि वायरींचा जुडगा वीतवीत हलवत गेले. ट्रेंट बल्बवर नजर ठेवून होता. दुसऱ्या बॅटरीच्या ट्रेपाशी हात गेला तशी त्याने हाक मारली. आमच्याकडे नवी गाडी आली की पहिलं काम दुसरी बॅटरी बसवायचं. एकाच बॅटरीवर रानात कोण जाणार? ट्रेच्या पत्र्याने वायरीचं आवरण कापलं होतं, आतलं तांबं चकाकत होतं. वायर ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कडेला आवळली होती, त्यांची टोकं तिरकी कापलेली होती. ही खोड साऱ्या गावात एकाच बाईला आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे मीच बसवलंय,” मी म्हटलं.

ट्रेंट जवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ ग्लेनिस, तू गुपचूप टेप गुंडाळ. मी नेहमीचंच लिहितो. तुझं नाव येणार नाही, आमच्या गाड्यांचं कामही तुझ्याकडेच राहील.”

“आणि नोएलीन?”

“तिचं पत्र टाइप झालंय.”

“मग फाड ते! लिही, दोष आढळला. ग्लेनिसने वायर पत्र्याच्या कडेवर बांधली म्हणून झाला. आणि तुमच्यातल्या एकानेही गाडी नव्वदने पळवून पाहिली नाही, हेही लिही. नोएलीन तिन्ही वेळा खरं बोलली, हे सगळ्यात वर लिही.”

“असं सगळं लिहिता येत नाही.”

नोएलीनने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. “सावकाश लिही, राजा. आम्हाला उन्हाची सवय आहे.”

सावली कुठेच नव्हती. ट्रेंटने दहा मिनिटं तग धरला, मग बॉनेटवर फॉर्म टेकवून सगळं लिहिलं, खाली सही केली. नोएलीनने कागद दोनदा वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि माझ्याकडे वळली.

“तीन महिने, ग्लेनिस. तीन महिने माझ्याच लोकांसमोर मी खोटी ठरले.”

“माफ कर.”

“मला काय सांगतेस? सोमवारी मागच्या सीटवर बस आणि इथेल आंटीला सांग. आता बांध ती वायर नीट.”

कार्यालयाचं काम त्याच दुपारी माझ्या हातून गेलं. गेलं तर गेलं. सोमवारी पहाटेच वस्तीवर पोचले आणि इथेल आंटीशेजारी बसले. नोएलीनने नव्वद गाठले, तरी एसी चालूच राहिला. मी हात जोडून सगळं कबूल केलं. म्हातारीने डोळे मिटून ऐकून घेतलं.

“झालं सांगून?” ती म्हणाली. “मग ती शाल दे इकडे. थंडी वाजतेय.”