तीन आवाजांचे गाणे आणि मटारच्या शेंगा

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. माझ्या फितीचा रंग जागोजागी उडाला आहे आणि एक चाक फिरताना कुरकुरते. माझ्यावर एकच गाणे आहे. दुसरे काही भरायला कोणी धजावलेच नाही.

ते गाणे तुमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणी सगळीकडे वाजायचे. संथ, प्रेमाचे, जरासे रडवे. आधी एक आवाज एकटाच सुरू होतो. मग दुसरा त्याच्या वरून जातो. धृपदाला तिसरा खालून येतो आणि दोघांना उचलून धरतो. तिघे तीन वाटांनी चालतात आणि तरी एकदमच घरी पोचतात. भल्याभल्यांचे डोळे तिथे पाणावतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच, कोऱ्या होतो. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्या घरातले थोरले चष्म्याचे दुकान चालवत. त्यांची बायको दुकानात लोकांच्या नाकाकानांवर चष्मे नीट बसवून देई. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. थोरल्यांचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तो या गाण्यासाठी अक्षरशः वेडा होता, पण गाण्याची तबकडी कुठे मिळत नव्हती. एका रविवारी दुपारी रेडिओवर ते गाणे लागणार, असे त्याला कळले. त्याने रेडिओसमोर छोटा रेकॉर्डर ठेवला, मला आत बसवले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. कोणीतरी लिफ्टमध्ये अडकले होते.

"वहिनी, गाणं लागलं की ही दोन बटणं एकदम दाबा," चपला पायात सरकवत तो म्हणाला. "आणि मधे अजिबात आवाज नको हं. शिंकसुद्धा नको."

"शिंक काय माझ्या हातात आहे, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "जा तुम्ही आधी. तो बिचारा तिकडे लटकलाय."

वहिनींनी बटणे वेळेवर दाबली. मांडीवर मटारच्या शेंगा होत्या आणि समोर स्टीलचे पातेले. पहिल्या धृपदाला त्या अगदी गप्प होत्या. दुसऱ्याला त्यांचा हात आपोआप शेंगांकडे गेला आणि दाणे टप-टप पातेल्यात पडू लागले. आणि तिसऱ्याला, मित्रांनो, त्या गुणगुणू लागल्या! तिसऱ्या आवाजाच्याही खाली, जमिनीलगत, एक मऊ भरीव सूर. गाणे संपले तेव्हा हातातला शेवटचा दाणा पातेल्याच्या काठावर टिंग वाजला. "अगं बाई, मी गायले की काय!" वहिनी मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईने बटण बंद केले. ते वाक्यसुद्धा माझ्यावर उमटले.

संध्याकाळी धाकटे भाऊ परतले; वहिनींसारखे मीही त्यांना भावजीच म्हणते. त्यांना घाई दांडगी. गाणे संपले रे संपले की फीत मागे घेऊन पुन्हा ऐकायचे, ही त्यांची सवय. त्यामुळे ते वाक्य त्यांच्या कानावर कधी पडलेच नाही.

"वहिनी, ऐका! शेवटी चौथा आवाज आहे. सगळ्यांच्या खाली!"

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. स्वतःचा आवाज त्यांनी तत्क्षणी ओळखला होता. पण बाकी कोण ओळखणार? त्यांना गाताना त्या घरात कोणी ऐकलेच नव्हते. शाळेत समूहगीत बसवताना गाण्याच्या बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून त्या वाढदिवसांना ओठ हलवत. आपल्या मुलीला त्यांनी गोष्टी सांगून झोपवले, गाऊन कधीच नाही.

भावजींनी माझ्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा स्क्रूड्रायव्हरने तोडून टाकला. तो तुटला की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मला वाटले, चला, आपण आता सुरक्षित आहोत.

मग माझे सुखाचे दिवस आले. माझ्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. एक प्रत दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वाजू लागली. दात काढून घ्यायला आलेली माणसे म्हणे, गाणे संपेपर्यंत खुर्चीतून उठायला तयार नसत. या गाण्याचे भक्त रविवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जमत आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे डोळे लावून ऐकत.

"चौथा आवाज घालायचं धाडस बघा," डॉक्टर म्हणत. "आणि तो टप-टप ताल? लाकडी टाळ्या आहेत त्या. शेवटी एकच घंटी. काय डोकं असेल!"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत आणि कपांकडे बघत. माझी तर छाती फुगून येई, पण त्यांची मान खालीच.

एका रविवारी नव्या ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "या गाण्यात तीनच आवाज आहेत. माझ्या वडिलांची तबकडी आहे माझ्याकडे."

डॉक्टर लालबुंद झाले. "तुमचे कान तपासून घ्या, बाई."

"घेईन की. आधी तुमची कॅसेट तपासू."

ठरले. पुढच्या रविवारी आधी तबकडी आणि मग मूळ कॅसेट, म्हणजे मी, डॉक्टरांच्या मोठ्या स्पीकरवर वाजणार. तीही अगदी शेवटच्या खरखरीपर्यंत. "मधे कोणी स्वतःचं घोडं दामटलं असेल, तर त्या मूर्खाला मी शोधून काढणार," डॉक्टर म्हणाले. "सत्यानाश केलाय त्यानं गाण्याचा!"

ट्रेवरचे कप एकमेकांवर आपटले. शेवटच्या खरखरीच्या आधी काय आहे, ते फक्त वहिनींना आणि मला माहीत होते. प्रतींमध्ये ते नव्हते, कारण प्रती काढतानाही भावजी गाणे संपताच बटण बंद करत. होते ते माझ्याच पोटात.

त्या आठवड्यात वहिनींचे कशात लक्ष लागेना. दुकानात एक आजी-आजोबा चष्मे न्यायला आले होते. "अगं, आजोबांना आजींचा चष्मा लावलास तू!" थोरले म्हणाले. आजोबा मात्र म्हणाले, राहू द्या, छान दिसतंय. वहिनींना हसूही आले नाही.

शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मला कपाटातून काढले. माझ्या पाठीवरच्या तुटक्या खाचेवर त्यांनी चिकटपट्टी लावली. खाच अशी बुजवली की कॅसेट पुन्हा पुसता येते. फीत सुरुवातीला आणली गेली. लाल बटणावर बोट आले. मला ओरडायचे होते, पण आम्हाला चालवल्याशिवाय आवाज नसतो. बोट तिथेच थांबले.

"या तिघांनी माझं काय घोडं मारलंय?" वहिनी स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांनी लाल बटण सोडून दुसरे दाबले आणि गाणे चालू दिले. पहिला आवाज, दुसरा, तिसरा, आणि मग त्यांचा स्वतःचा. टिंग. त्याच क्षणी लाल बटण खाली गेले. वहिनींनी श्वास रोखून धरला आणि त्यांचे ते वाक्य माझ्या अंगावरून कायमचे गेले. पुसले जाणे दुखते. पण मी त्यांना दोष देत नाही. त्या फार भ्यायल्या होत्या.

रविवारी दुकान भरले. मला रेकॉर्डरमध्ये ठेवताना भावजींचा अंगठा चिकटपट्टीवर थांबला. त्यांनी वर पाहिले आणि मला तसेच आत सरकवले.

आधी तबकडी लागली. तीन आवाज, स्वच्छ, धुतल्यासारखे. गाणे संपले तरी कोणी हलेना.

"काहीतरी कमी आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"कमी नाही, डॉक्टर. गाणं एवढंच आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

मग मी वाजले. मोठ्या स्पीकरवर वहिनींचा सूर दुकानभर पसरला. टप-टप आवाज आला तसे ग्रंथपालबाईंनी डोळे बारीक केले. "रागावू नका, पण या टाळ्या नाहीत. कोणीतरी मटार सोलतंय."

कोणीतरी फिस्सकन हसले. "म्हणजे इतकी वर्षं मी मटारावर रडलो?" डॉक्टर उसळून म्हणाले. "कोण होतं तेव्हा घरात?"

भावजींनी दाराकडे पाहिले. तिथे वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. त्या दुपारी शेंगा कोणाच्या मांडीवर होत्या, ते भावजींना तेव्हा आठवले असणार.

"आठवत नाही बुवा," भावजी म्हणाले.

गाण्यानंतर फितीवर नुसती शांतता निघाली. पुरावा संपला होता. आता वहिनींनी फक्त गप्प राहायचे होते, आणि तेवढे तर त्यांना लहानपणापासून येत होते.

"पुन्हा एकदा तबकडी लावू या का?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

"लावा," डॉक्टर खुर्चीत बसकण मारत म्हणाले. "पण मला आता ते अर्धंच वाटणार. आवाज कोणाचा का असेना, मला तो हवा होता."

तबकडी फिरू लागली. सगळे नेहमीसारखे तक्त्याकडे तोंड करून बसले. शेवटचे धृपद आले, आणि दाराकडून तो सूर आला. आधी चाचरत, मग भरून. भावजींनी मागे न बघता दोन बटणे एकदम दाबली आणि मी ऐकू लागले. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते, पण सूर हलला नाही. गाणे संपले तेव्हा त्यांच्या थरथरत्या ट्रेवर एक चमचा कपाला लागला. टिंग.

"घंटीसुद्धा!" डॉक्टर ताडकन उठले. मग त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, गेल्या रविवारी मी मूर्ख कोणाला म्हणालो, ते विसरून जा. तो मीच."

माणसे पांगल्यावर वहिनींनी मला हातात घेतले आणि माझ्या पाठीवरची चिकटपट्टी स्वतःच्या नखाने काढून टाकली.

मित्रांनो, आता मला क्वचितच कोणी वाजवते. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला उन्हात टाकू नका, आणि ऐकलीत तर शेवटपर्यंत ऐका. आणखी एक मागणे आहे. तुमच्या वर्गात कोणी नुसतेच ओठ हलवत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि थोडे हळू गा, म्हणजे त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईल.