दोन्हीकडे दहा सेकंद

वहिनींनी बांधून दिलेली फाईल दोनदा परत आली होती. पहिल्यांदा संवाद आणि संगीत एकाच ट्रॅकवर गेले. दुसऱ्यांदा आवाजाचा वेग चित्राशी जुळेना, शेवटी शेवटी तर नटांचे ओठ मिटले तरी बोलणं चालूच. तेव्हा एडिटर असलेल्या त्यांच्या नणंदेनं तोडूनच सांगितलं, "वहिनी, नातं घरात. आता परत आली तर मी दुसरं माणूस बघणार."

पंचेचाळिशीत, मुलं मार्गी लागल्यावर वहिनी हे काम शिकल्या होत्या आणि त्यात त्यांचा जीव रमला होता. एडिट झालेला सिनेमा ध्वनी-स्टुडिओकडे पाठवायचा तो नीट लावून. संवाद, संगीत, बाकीचे आवाज वेगवेगळे, चित्राच्या कोपऱ्यात धावती वेळ, सुरुवातीला आणि शेवटी एकेक बीप. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा जास्तीचा आवाज सोडायचा, शिंपी शिवणीत माया सोडतो तसा. सिनेमात तो ऐकू येत नाही, पण लागला तर ओढून घेता येतो.

"दोन सेकंद पुरे," नणंद म्हणाली होती. "उगाच फाईल फुगवू नका."

वहिनींनी मान डोलावली आणि दहा ठेवले. पटलं नाही की मान डोलवायची आणि आपल्याच मनाचं करायचं, या त्यांच्या रीतीला सगळं सासर वैतागलेलं होतं. पण 'कट' झाल्यावरही माणसं बोलत राहतात, हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावले, ते वेगळंच.

चौथ्या दिवशी सकाळी स्टुडिओतून दोघींना बोलावणं आलं. तिथले बुजुर्ग ध्वनिसंयोजक, ज्यांना सगळे माघारी कानसेन म्हणत, फाईल उघडून बसले होते. शेजारी दिग्दर्शक तोंड पाडून.

"फाईल चोख आहे," कानसेन म्हणाले. "दुखणं निराळंच आहे."

शेवटच्या दृश्यात म्हातारा बाप मुलीला म्हणतो, "तू बरोबर होतीस." नेमकी त्याच शब्दांवर खुर्ची करकरली होती. ती करकर पुसता येईल असं नणंद धरून चालली होती, पण काही केल्या ती निघेना. वाक्य त्या नटाला ऐन वेळी सुचलेलं, दुसऱ्या कुठल्याच टेकमध्ये नाही. पुन्हा बोलवावं तर त्यानंतर त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

"दृश्यच काढून टाकतो," दिग्दर्शक म्हणाला.

कानसेनांनी तुकड्याचं टोक धरून ओढलं. दोन सेकंद गेले, नुसती शांतता. मग 'कट'. मग पावलं. आणि आठव्या सेकंदाला, आपलं आपल्यालाच न पटल्यासारखा तो म्हातारा पुटपुटला, "तू बरोबर होतीस."

स्वच्छ. आधीपेक्षाही खरं. पडद्यावर त्या वेळी मुलीचा चेहरा होता, त्यामुळे ओठ जुळवायचाही प्रश्न नव्हता. कानसेनांनी वाक्य उचलून जागेवर बसवलं आणि दृश्य पुन्हा लावलं. दिग्दर्शकानं डोळे पुसले, लपवलंही नाही.

"दहा सेकंद कुणी ठेवले?" कानसेनांनी विचारलं.

नणंदेनं एकदा छताकडे पाहून घेतलं. "वहिनींनी. मी नको म्हटलं होतं."

"मग यापुढे तुमच्याकडचं सगळं यांच्याच हातचं येऊ द्या."

वहिनींना झालेला आनंद खोलीत मावेना. तरी व्यवहार सुटला नाही.

"येईल की," त्या म्हणाल्या. "पण तीन दिवस लागतील."

"चार घ्या, वहिनी," नणंद म्हणाली.