हात पोचेल तिथपर्यंत

सासूबाईंच्या बाथरूमचं दार उघडलं आणि सुनेला आधी, खोटं कशाला सांगा, आनंदच झाला.

टबाला आतून पिवळं वर्तुळ, फरश्यांच्या सांध्यांत काळी बुरशी, शॉवरच्या पडद्याच्या खालच्या घडीत गुलाबी डाग. ज्या बाईनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवून ते चारचौघांत सुनेच्या नाकापुढे धरलं होतं, तिच्या घरचा हा टब! सून आणि नणंद पाठीमागे सासूबाईंना 'तपासणी' म्हणायच्या. 'तपासणी येतेय' म्हटलं की दोघी फडकं शोधत सुटायच्या. एक फोटो काढून नणंदेला पाठवावा, असं सुनेच्या मनात येऊन गेलं. मनात येतं माणसाच्या, काय करणार.

पण ती आली होती वेगळ्याच कामाला. सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्या राहत होत्या आणि शेवटपर्यंत इथंच राहणार म्हणून हटून बसल्या होत्या. मुलाला काळजी होती, पण आईसमोर तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं बायकोला पुढे केलं होतं. "तू जाऊन बघून ये. एकटीला झेपतंय का तेवढं सांग. झेपत नसेल तर तिला आपल्याकडे आणू, ते घर काढून टाकू." म्हणजे निकाल सुनेनं द्यायचा आणि वाईटपणाही तिनंच घ्यायचा.

"आत काय करतेयस गं?" सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"टब जरा घासून घेते, आई."

"कशाला? मी रोज घासते."

ऐका. रोज म्हणे! सुनेनं ओठांवर आलेलं गिळलं. सासूबाई बोलताना तिच्याकडे बघतही नव्हत्या, तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होत्या. सकाळी आल्यापासून हेच चाललं होतं. माझं तोंड बघायचीसुद्धा इच्छा नाही, असा सुनेनं त्याचा अर्थ लावला होता आणि मनातल्या मनात ती धुमसत होती.

तिनं बाह्या वर सारल्या, हातमोजे चढवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतून पिशवी शॉवरच्या तोंडाला रबरबँडनं बांधली, म्हणजे भोकांत अडकलेले क्षार सुटतील. मग वरच्या फरश्यांपासून सुरुवात केली. फरश्यांवर पाण्याचे पांढरे क्षार बसले होते, पॉलिश पेपरसारखे खरखरीत. घासणी अडत होती, हात भरून आला. अशी निम्मी भिंत जरी घासायची म्हटली तरी संध्याकाळ होईल, असं तिला वाटलं.

भिंतीवरून खाली येता येता, तिच्या खांद्याच्या थोडं वर, घासणी एकदम सरकली. कुठे अडलीच नाही.

तिनं हातमोजा काढून उघडा तळवा फरशीवर ठेवला. फरशी काचेसारखी गुळगुळीत होती. सांधा मात्र काळाच. तिनं हात खाली खाली नेला. काळं होतं, तपकिरी ओघळ होते, पण हाताला कणभर काही लागत नव्हतं. टबातल्या पिवळ्या वर्तुळावरून बोट फिरवलं, काही नाही. नळाखाली, जाळीभोवती, कोपऱ्यांत, जिथे थर साचायलाच हवा तिथेही काही नाही. इथे कुणीतरी रोज घासत होतं, अगदी जीव तोडून घासत होतं. म्हाताऱ्या माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत सगळं स्वच्छ होतं, फक्त रंग तेवढा राहिला होता. आणि रंग काही हाताला लागत नाही.

सून टबाच्या काठावर बसली. सकाळी चहा ओतताना सासूबाईंनी कपाच्या काठाच्या आत बोट धरलं होतं, तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. चहा कुठवर आला ते त्या बोटानं बघत होत्या, हे आता कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग मात्र तिनं फोटोबिटोचा विचार सोडला आणि कामाला लागली. व्हिनेगरची पिशवी सोडली, सगळं पाण्यानं धुऊन काढलं, खिडकी उघडली, आणि मगच सांध्यांना ब्लीच लावलं, कारण दोन्हींची गाठ पडली की वाफ छातीत जाते. दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक सांधा घासला. पडदा गरम पाण्यात बुडवला. बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. "झालं? फार घाण होती का गं?"

"छे हो. लख्ख होता टब. थोडा साबण बसला होता, तेवढाच."

सासूबाईंनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"तू आजवर माझ्याशी पुष्कळ खोटं बोललीस," त्या म्हणाल्या. "पुसलं नसताना पुसलं म्हणायचीस. मला कळायचं. घाबरून बोलायचीस, आणि खरं सांगू, मला बरं वाटायचं. आज कीव करून बोललीस. ते नको करूस."

सुनेनं ओले हात पुसले.

"काय काय होतं ते सांग."

सुनेनं सांगितलं. सांध्यांतलं काळं, टबातलं पिवळं, पडद्याचं गुलाबी. सासूबाई दर वेळी "कुठे?" विचारत होत्या आणि ती सांगत होती. तिनं काही वगळलं नाही.

"शेजारीण येऊन गेली, तिच्या मुली येऊन गेल्या," सासूबाई म्हणाल्या. "हात धुऊन गेल्या तिथे. कुणी एका शब्दानं बोललं नाही गं मला."

"डोळ्यांचं कधीपासून आहे, आई?"

"झालं वर्षभर. मधलं गेलं, कडेचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानापलीकडे बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं काही परत येत नाही."

सून त्यांच्या पायाशी खाली बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"त्याचाच असणार," सासूबाई म्हणाल्या. "तू कशाला आलीस ते मला दारातच कळलं. डोळे गेलेत, अक्कल शाबूत आहे. घे फोन."

सून उठली. आतल्या खोलीत जाऊन बोलता आलं असतं. ती तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं. "झेपतंय का आईला एकटीला?"

"नाही," ती म्हणाली. "नाही झेपत."

सासूबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. घराचा शब्द त्यांनी काढला नाही.

"हं," त्या हळूच म्हणाल्या. "असं बोलावं माझ्याशी."